कुणाचा हात चालेल?

दर वर्षी नवे रेसिडेंट रुजू झाले की पहिल्या पंधरवड्यातच आमच्या सर्जरी विभागात भाकितं सुरू होतात. जागा ठरलेली असते, ऑपरेशन थिएटरला, म्हणजे ओटीला, लागून असलेली चहाची खोली. वेळही ठरलेली, एक पेशंट बाहेर जाऊन दुसरा टेबलावर येईपर्यंतची. "तो चष्मेवाला दिवाळीपर्यंत टिकत नाही." "पोरगी हुशार आहे, पण हात जड आहे." "केरळचा तो मुलगा सर्जन होणार, लिहून ठेवा." लिहून मात्र कुणीच ठेवत नाही. त्यामुळे तीन वर्षांनी ते एमएस होऊन बाहेर पडले की प्रत्येक जण ठासून सांगतो, मी तर पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

सरकारी मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवत मला आता तीसेक वर्षं होत आली. या भाकितांमध्ये मीही हिरिरीने भाग घेतला आहे आणि एके काळी ती माझ्यावरही झाली आहेत. मी एमएसला आले तेव्हा "हिने गायनॅक घ्यायला हवं होतं" हे वाक्य मी दाराआडून नाही, तोंडावर ऐकलं. सर्जरीला येणाऱ्या मुलीबद्दल तेच म्हणायची तेव्हा पद्धत होती. माझे हात कसे चालतात हे म्हणणाऱ्यांपैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. एवढ्यावरून खरं तर मला भाकितांचा कंटाळा यायला हवा होता. तसं झालं नाही. उलट, कुणाचा हात चालेल हे आधी सांगता येईल का, हा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला.

आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत सर्जन निवडायची रीत साधी आहे. नीट-पीजी ही एकच परीक्षा, 200 प्रश्न, 800 गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. त्यात जो क्रमांक येईल त्यावर शाखा आणि कॉलेज. संगणकासमोर बसलेल्या त्या मुलाच्या हाताला कंप आहे का, रक्त उडालं की त्याचं काय होतं, रात्री तीन वाजता तो सिस्टरशी कसा बोलतो, यातलं काही तिथे विचारलं जात नाही. 2023 मध्ये तर रिकाम्या राहणाऱ्या जागा भराव्यात म्हणून पात्रतेची रेषा शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली.

माझ्या वयाचे सर्जन यावर एकच उपाय सुचवतात, मुलाखत घ्या. माणूस समोर बसला की कळतो. आपल्याकडे मुलाखत म्हटली की कुणाकुणाचे फोन येतील, तो मुद्दा घटकाभर बाजूला ठेवू. माणूस समोर बसला की खरंच कळतो का? 1979 साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या मेडिकल स्कूलने मुलाखती घेऊन 150 विद्यार्थी निवडले होते. मग राज्याच्या विधिमंडळाने फर्मान काढलं, आणखी 50 घ्या. तोवर वरच्या क्रमांकाची मुलं दुसरीकडे निघून गेली होती. उरले होते ते मुलाखतीत मागे पडलेले, याच कॉलेजने एकदा नको म्हटलेले. नाइलाजाने तेच घ्यावे लागले. पुढे दोन्ही गटांची तुलना झाली आणि ती 1987 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. मेडिकलची वर्षं बघितली, त्यानंतरचं रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष बघितलं, फरक काही सापडला नाही. निवड समितीने गाळलेले आणि निवडलेले सारखेच निघाले. मुलाखतीचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकीकत सांगते. ती कुणालाच आवडत नाही.

या विषयाकडे मी अभ्यास म्हणून वळले ती एका रेसिडेंटमुळे. फर्स्ट इयरची मुलं थीसिसचा सिनॉप्सिस द्यायची तारीख जवळ आली की विषय मागायला येतात. विषयही ठरलेले असतात. हर्नियातली जाळी, मधुमेही पायाच्या जखमा, आतड्याला भोक पडलेल्या रुग्णांचा स्कोअर. हा मुलगा इमर्जन्सीच्या रात्री मॅनहाइम स्कोअर काढत बसलेला असायचा. पोटात पू झालेला रुग्ण आला की त्याचं वय, किती तास उलटले, कुठला अवयव बंद पडतोय, पोटातलं पाणी नितळ आहे, गढूळ आहे की त्यात मैला आहे, अशा गोष्टींना गुण देतात आणि बेरीज करतात. बेरीज जितकी मोठी तितका जिवाला धोका जास्त. एकदा पहाटे टाके घालताना तो म्हणाला, "मॅडम, पेशंट कितपत तगेल हे आपण आकड्यात मांडतो. मग रेसिडेंट कितपत तयार होईल हे का मांडत नाही?"

प्रश्न चांगला होता. मी त्याला सामाजिक वैद्यकशास्त्र (पीएसएम) विभागातल्या स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमकडे पाठवलं. तो अर्ध्या तासात तोंड पाडून परत आला. "त्या विचारतात, रेसिडेंट चांगला झाला हे कशावरून धरायचं? ते आधी ठरवा, मग सॅम्पल साइजचं बोलू."

या एका प्रश्नावर आमचे कित्येक आठवडे गेले. मॅनहाइम स्कोअर ज्या गोष्टीचं भाकीत करतो ती स्पष्ट आहे, रुग्ण घरी गेला की गेला नाही. सर्जनच्या बाबतीत तसं काय आहे? एमएसची परीक्षा धरावी तर बहुतेक सगळे आज ना उद्या पास होतात. शिवाय त्या दिवशी लाँग केसला सरळ साधा थायरॉइड मिळाला की कुणालाच न कळणारा पोटातला गोळा, यात नशिबाचा भाग मोठा. केलेल्या ऑपरेशनची संख्या धरावी तर ती युनिटवर अवलंबून. ऑपरेशननंतरची गुंतागुंत धरावी तर रुग्ण सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत, आणि टेबलापलीकडे लेक्चरर उभा असताना ती गुंतागुंत नक्की कुणाच्या खात्यावर मांडायची? शिक्षकांचं मत धरावं तर ते चहाच्या खोलीतलंच मत, फक्त टाइप केलेलं.

हातांचं कसब आणि रुग्णाचं नशीब यांचा संबंध दाखवणारं काम झालेलंच नाही असं नाही. मिशिगनमध्ये लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया करणाऱ्या 20 सर्जननी आपापला एकेक व्हिडिओ दिला आणि इतर सर्जननी तो, कुणाचा आहे हे माहीत नसताना, तपासून गुण दिले. मग त्यांच्या दहा हजारांहून अधिक रुग्णांचं काय झालं ते पाहिलं. सगळ्यात कमी गुण मिळालेल्या चौथाई सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंत 14.5 टक्के, सगळ्यात वरच्या चौथाईत 5.2 टक्के. 2013 साली हे छापून आलं तेव्हा मी ते आमच्या जर्नल क्लबला वाचायला दिलं होतं. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. पण त्यांच्यामागे अख्ख्या राज्याची रुग्णनोंदणी होती. आमच्याकडे डिस्चार्ज झालेला रुग्ण टाके काढायला तालुक्याच्या डॉक्टरकडे जातो आणि आम्हाला पुन्हा दिसतच नाही.

शेवटी आम्ही ओसॅट्सवर थांबलो. टोरांटोमध्ये नव्वदच्या दशकात तयार झालेली ही पद्धत आहे. ऊतींना किती जपून हाताळलं, हालचाली किती वाया गेल्या, हत्यार हातात कसं बसलं, असिस्टंटचा उपयोग करून घेतला का, ऑपरेशन ओघाने पुढे गेलं की प्रत्येक पायरीवर थबकलं, अशा सात बाबी, प्रत्येकीला पाचपैकी गुण. जांघेतल्या हर्नियाचं जाळी बसवण्याचं ऑपरेशन घ्यायचं, कॅमेऱ्यात फक्त हातमोजे दिसतील असं चित्रण करायचं आणि दुसऱ्या कॉलेजच्या सर्जनकडून गुण घ्यायचे, असं ठरलं.

मग एथिक्स कमिटी. मला वाटलं होतं, रुग्णाला काही टोचायचं नाही, कापायचं नाही, चटकन मंजुरी मिळेल. कमिटीतल्या वकीलबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "रेसिडेंट तुमचे, परीक्षक तुम्ही, रजा तुम्ही देणार, थीसिसवर सही तुमची. तुम्ही संमतीपत्र पुढे केलंत तर नाही म्हणायची त्यांची बिशाद आहे का?" त्यांचं बरोबरच होतं. मेडिकल कॉलेजात फर्स्ट इयर रेसिडेंटइतका अगतिक प्राणी दुसरा नसेल, आणि त्याला आपण स्वतंत्र बुद्धीचा पदवीधर समजून संमती घेत असतो. संमती घेण्याचं आणि माहिती गोळा करण्याचं काम मग अ‍ॅनाटॉमीच्या एका शिक्षकांकडे गेलं. नावांच्या जागी क्रमांक आले. कुठल्या क्रमांकाने काय केलं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही आणि कळायला नकोच होतं.

भाकितासाठी आम्ही साध्याच गोष्टी घेतल्या. नीट-पीजीचा क्रमांक. कागदावरचा आकार मनातल्या मनात फिरवून ओळखायची एक चाचणी. शिक्षकांचं पहिल्या महिन्यातलं मत, या वेळी मात्र लेखी आणि बंद पाकिटात. आणि घरगुती बॉक्स ट्रेनर. प्लॅस्टिकचा क्रेट, आत वेबकॅम आणि एलईडीची पट्टी, वर भोकं पाडून त्यातून बाद झालेली दुर्बिणीची हत्यारं घातलेली. पडद्याकडे बघत खुंट्यांवरच्या सहा रबरी चकत्या एका हाताने उचलून दुसऱ्या हातात द्यायच्या आणि पलीकडच्या खुंट्यांवर ठेवायच्या, मग परत आणायच्या. अमेरिकेतल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या एफएलएस अभ्यासक्रमात हे 48 सेकंदांत जमेपर्यंत सराव करायला सांगतात. आमच्या ओटीचे मामा एकदा गंमत म्हणून बसले. चाळीस वर्षं हत्यारं धुतलेला, मांडलेला तो माणूस. त्यांचा हात बघून दोन रेसिडेंट ओशाळले. सर्जरीच्या परीक्षेला बसायची संधी मामांना आयुष्यात मिळाली नाही, एवढं मात्र माझ्या मनात येऊन गेलं.

निष्कर्षाचे आकडे इथे देत नाही. इतक्या थोड्या मुलांवरून काढलेले आकडे एका मुलाने डबल ड्यूटी करून पेंगत चाचणी दिली तरी बदलतात, आणि छापले की लोक ते ब्रह्मवाक्य मानतात. ढोबळ जे दिसलं ते मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे त्याच्याशी जुळणारं होतं, म्हणून सांगते.

नीटच्या क्रमांकावरून हातांबद्दल काहीच सांगता आलं नाही. यात नवल नाही. एकाच वजनगटातल्या पैलवानांची कुस्ती वजन बघून सांगता येत नाही. जे आमच्यापर्यंत पोचतात ते सगळे त्याच एका परीक्षेच्या त्याच एका पट्ट्यातले. त्यांच्यात क्रमांकाचा फरक असला तरी अर्थाचा फार नसतो. याचा अर्थ अभ्यास निरुपयोगी असा कुणी घेऊ नये. त्या पट्ट्याच्या बाहेरचे आम्ही पाहिलेलेच नाहीत.

आकार फिरवण्याच्या चाचणीचं असंच. टोरांटोच्या वान्झेल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं, की ज्यांना मनात आकार फिरवता येतात त्यांना त्वचेच्या गुंतागुंतीच्या झडपा फिरवून बसवणं सुरुवातीला चांगलं जमतं. पण सराव करू दिला, चूक दाखवून दिली, की मागे पडलेलेही बरोबरीला येतात. म्हणजे चाचणी खरी, तिच्यावरून कुणाला बाद करणं खोटं. रेसिडेंटांना मात्र यातलं काही आठवत नाही. त्यांना तोंडपाठ असतो तो रोसर यांचा 2007 चा पेपर. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्या सर्जननी दुर्बिणीच्या सरावात 37 टक्के कमी चुका केल्या आणि 27 टक्के कमी वेळ घेतला. हॉस्टेलवर रात्री मोबाइल घेऊन बसलेला कुणी सापडला की तो हाच पेपर पुढे करतो. ते सर्जन अवघे 33 होते, हे मी त्याला सांगते.

पहिल्या दिवशी कोण किती भरभर चकत्या ठेवतो, यापेक्षा पुढच्या आठवड्यांत त्याची वेळ कशी उतरत जाते हे अधिक बोलकं होतं. ग्रांचारोव यांनी 2009 मध्ये 37 शिकाऊ सर्जन सिम्युलेटरवर दहा-दहा वेळा बसवले. त्यांतले 5.4 टक्के पहिल्यापासूनच तरबेज निघाले, 70.3 टक्के दोन ते नऊ फेऱ्यांत तिथवर पोचले. 16.2 टक्के सुधारत राहिले पण दहा फेऱ्यांत पोचले नाहीत. आणि 8.1 टक्के, म्हणजे तीन माणसं, सुधारलीच नाहीत. त्या तीन माणसांकडे मी नंतर येते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट थीसिसच्या त्या मुलाला शोधायची नव्हतीच, ती ओटी रजिस्टरमध्ये पडलेली होती. हर्निया कुणी कधी केला याच्या नोंदी काढायला तो जुनी रजिस्टरं चाळत बसला. त्यात सर्जन आणि असिस्टंट अशी दोन नावांचे रकाने असतात. वर्षानुवर्षांची पानं उलटल्यावर त्याच्या लक्षात आलं, की काही रेसिडेंट असिस्टंटच्या रकान्यातून सर्जनच्या रकान्यात लवकर सरकतात. पहिलं अपेंडिक्स त्यांना लवकर मिळतं, म्हणून दुसरं लवकर मिळतं. काही जण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत रिट्रॅक्टर धरून उभे. आणि लवकर सरकणारे कोण, तर ज्यांच्याबद्दल युनिटमध्ये पहिल्याच महिन्यात "हात चांगला आहे" असा बोलबाला झाला ते. मुलींची नावं पहिल्या रकान्यात उशिरा येतात, हेही त्याने बिचकत सांगितलं. मला त्याचा धक्का वगैरे बसला नाही.

यात कुणी जाणूनबुजून अन्याय करतं असं नाही. इमर्जन्सीच्या रात्री बाहेर चार पेशंट थांबलेले असताना लेक्चररने चाकू कुणाच्या हातात द्यावा? ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या. तो वीस मिनिटांत अपेंडिक्स काढतो, दुसऱ्याला पाऊण तास लागतो. त्या रात्रीपुरता निर्णय बरोबर असतो. अशा शंभर बरोबर रात्रींची तीन वर्षांनी बेरीज होते, एकाचा हात तयार होतो, दुसऱ्याचा राहतो, आणि चहाच्या खोलीत कुणीतरी म्हणतं, बघा, मी सांगितलंच होतं. रुग्णांच्या अभ्यासात असं झालं असतं तर परीक्षकांनी आमचा थीसिस परत पाठवला असता. ज्याला औषध लागू पडेल असं वाटतं त्यालाच औषध दिलं, आणि मग ते लागू पडलं म्हणून अंदाज बरोबर ठरवला, असा हा प्रकार.

आणि ज्याला केस मिळाल्या नाहीत त्याचं पुढे काय होतं? पदवी दोघांना एकच मिळते. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं भारतातलं पहिलं ऑपरेशन डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केलं. त्यानंतरच्या काही वर्षांत आमची अख्खी पिढी ते शिकली. जगभर तेव्हा तीच धांदल होती. अमेरिकेतल्या सदर्न सर्जन्स क्लबने 55 सर्जनच्या 8,839 ऑपरेशनचा हिशेब 1995 मध्ये मांडला. मुख्य पित्तनलिकेला झालेल्या इजांपैकी 90 टक्के त्या त्या सर्जनच्या पहिल्या 30 केसमध्ये झालेल्या होत्या. या पहिल्या तीस केस प्रत्येक सर्जनला कधीतरी, कुठेतरी कराव्याच लागतात. कॉलेजात केल्या तर समोर कुणीतरी उभं असतं, जो म्हणतो, थांब, ती नळी पित्ताशयाची नाही. कॉलेजात ज्याचा "हात जड" म्हणून आपण त्याला तीन वर्षं रिट्रॅक्टर धरायला लावला, तो या तीस केस तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये करणार आहे, समोर नवशिकी नर्स घेऊन. त्यालाच खरं तर सगळ्यात जास्त केस आपल्या नजरेखाली मिळायला हव्या होत्या. ज्याचा हात उपजत चांगला आहे तो थोड्या केसवरही शिकतो.

याच्याशी मिळतीजुळती एक जुनी गोष्ट येल विद्यापीठात 2002 साली 16 रेसिडेंटांवर तपासली गेली होती. निम्म्यांना आधी सिम्युलेटरवर ठरलेल्या पातळीला येईपर्यंत बसवलं, निम्म्यांना नाही. मग दोन्ही गटांकडून खरं पित्ताशय सोडवून घेतलं. सराव केलेल्यांनी ते 29 टक्के कमी वेळात सोडवलं, आणि पित्ताशयाला किंवा बाजूच्या भागाला इजा होण्याचं प्रमाण सराव न केलेल्यांत पाच पट निघालं. आम्हाला सिम्युलेटर परवडत नाही. आम्ही खाटकाकडून बोकडाचं आतडं आणतो. दर शनिवारी दुपारी डेमॉन्स्ट्रेशन रूममध्ये त्याचे तुकडे जोडायचे, मग एका टोकाला चिमटा लावून आत पाणी भरायचं आणि कुठून गळतंय ते बघायचं. वास भयंकर येतो. ज्यांचा हात जड ठरवला गेला होता त्यांच्यातले बरेच जण या आतड्यांवर सुटे झाले.

सगळे नाही. ग्रांचारोव यांच्या त्या तीन माणसांसारखी माणसं असतात आणि हे कबूल करायला आपण सगळे घाबरतो. मेहनत कर, सगळं जमेल, असं म्हणणं सोपं आहे, माणुसकीचंही वाटतं. माझ्या पाहण्यात एक मुलगा होता, कष्टाळू, रुग्णांशी फार गोड. शनिवारच्या सरावाला तो एकदाही चुकला नाही. त्याची सुई दर वेळी तिसऱ्याच ठिकाणाहून बाहेर यायची. वर्षभराने त्याला स्वतःलाच ते कळलेलं होतं. पण जागा सोडायची तर कित्येक लाखांचा दंड, पुन्हा परीक्षा, आणि गावात वेशीवर त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स अजून लटकलेला. तो राहिला, पास झाला, आणि नंतर स्वतःच्या अकलेने आरोग्यविम्याचे दावे तपासायच्या कामात गेला. ते तो उत्तम करतो. त्याच्यासारखाच दुसरा एक मात्र आज ऑपरेशनं करतो. माझ्या घरच्या माणसाला मी त्याच्याकडे पाठवणार नाही.

हातांबद्दल इतकं बोलले, पण आता मला कुणी विचारलं की तुम्ही नव्या रेसिडेंटमध्ये काय बघता, तर मी आधी फोन बघते. रात्री तो मला कधी उठवतो आणि काय सांगतो. एका रात्री दोनच्या सुमाराला सेकंड इयरच्या मुलीचा फोन आला. आतडं जोडलेल्या पेशंटची नाडी 120 झाली होती, बाकी ताप नाही, पोट मऊ. "मॅडम, तिसरा टाका मी घेतला तो मला तेव्हाच आवडला नव्हता. मी बोलले नाही." त्या एका वाक्यामुळे आम्ही सकाळच्या राउंडपर्यंत थांबलो नाही. पोट उघडलं, जोड सुटायला लागला होता. माणूस चालत घरी गेला. तिचा हात मध्यम होता. पण तिच्या हाताखाली मी डोळे मिटून झोपले असते. याउलट ज्याला सगळे "सोन्याचे हात" म्हणायचे असा एक जण राउंडला हमखास सांगायचा, सगळं ओके आहे. ड्रेनमध्ये काय आलं हे मग सिस्टरकडून कळायचं.

चार्ल्स बॉस्क या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने सर्जनच्या मागे मागे वॉर्डात फिरून 1979 मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्याने नोंदवलं, की वरिष्ठ सर्जन हाताची चूक माफ करतात, चुकलेला निर्णयही माफ करतात, पण लपवलेलं माफ करत नाहीत. मी ते वाचलं तेव्हा वाटलं, हा माणूस आमच्याच राउंडला हजर होता. ओसॅट्समध्ये या गोष्टीला रकाना नाही. अ‍ॅबर्डीनच्या लोकांनी सर्जनच्या हाताबाहेरच्या कौशल्यांसाठी नॉट्स नावाची वेगळी पद्धत बनवली आहे. त्यात परिस्थितीचं भान, निर्णय, संवाद, नेतृत्व असं सगळं येतं. तीही ओटीच्या दारात थांबते. रात्री दोन वाजताचा फोन कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही.

तो केरळचा मुलगा, ज्याच्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं, त्याचं सांगायचं राहिलं. तो सर्जन झाला, चांगला झाला. पण आमच्या कुणाच्या अंदाजात नसलेली गोष्ट म्हणजे त्याने वॉर्डातल्या मावशींकडून चार महिन्यांत मराठी शिकून घेतली. "आजी, वारा सरला का? पोट गच्च वाटतंय का?" हे तो इतक्या सहज विचारायचा, की आजी त्याला मुलीच्या लग्नापर्यंतचं सगळं सांगायच्या. आतडं जोडल्यावर वारा सरला का, हा प्रश्न सोनोग्राफीपेक्षा कमी मोलाचा नाही. त्याच्या बरोबरीचा, हाताने त्याच्याइतकाच चांगला, तीन वर्षं सिस्टरमार्फत बोलत राहिला आणि पेशंट बिघडतोय हे त्याला नेहमी एक दिवस उशिरा कळायचं.

थीसिस मंजूर झाला. "सॅम्पल साइज फार लहान", असा शेरा बाहेरच्या परीक्षकांनी मारला, तो योग्यच होता. बंद पाकिटं फोडली तेव्हा चहाच्या खोलीतले दिग्गज जरा नरमले. आता आमच्या विभागात दुसऱ्या वर्षाच्या सहामाहीपर्यंत हर्निया, हायड्रोसिल आणि अपेंडिक्स यांची पाळी भिंतीवर लावलेली असते. ज्याची पाळी त्याचा चाकू, मग त्याला पाऊण तास लागो. लेक्चरर कुरकुरतात. ओटीची लिस्ट लांबते, भूलतज्ज्ञ घड्याळ दाखवतात. तरी चाललं आहे.

प्रवेशाच्या वेळी आणखी एखादी चाळणी लावा, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. दारात उभं राहून कुणाचा हात चालेल हे सांगता येत नाही. वर्षभर सोबत काम केल्यावर मात्र बरंच सांगता येतं, आणि तेव्हा आपल्याकडे त्या माहितीचा काहीच उपयोग नसतो, कारण बाहेर पडायला वाटच ठेवलेली नाही. पहिल्या वर्षाच्या शेवटी, दंड न भरता, पुन्हा परीक्षा न देता, दुसऱ्या शाखेत जाता आलं पाहिजे. नियम करणाऱ्यांनी एवढं केलं असतं तर विम्याचे दावे तपासणाऱ्या त्या मुलाची दोन वर्षं वाचली असती, आणि त्या दुसऱ्याच्या पेशंटांचंही भलं झालं असतं.

तोवर माझ्या सहशिक्षकांना एक विनंती. नव्या रेसिडेंटबद्दल बोलायचंच असेल तर कागदावर लिहा, खाली तारीख टाका, सही करा आणि पाकीट विभागप्रमुखांच्या कपाटात ठेवा. तीन वर्षांनी ते त्या मुलाच्या समोर उघडा. आणि मधल्या तीन वर्षांत ज्याच्याबद्दल तुम्ही वाईट लिहिलं आहे, त्याच्या टेबलापलीकडे जरा जास्त वेळ उभे राहा.